रंग नको, तळ बघ!

पोलादपूर सोडलं की महाबळेश्वरला जाणारी एस.टी. दम खात खात आंबेनळी घाट चढू लागते. एका हाताला काळा कातळ, दुसऱ्या हाताला खोल दरी. पावसाळ्यात ढग थेट रस्त्यावर येऊन बसतात आणि भरदुपारी गाडीचे दिवे लावावे लागतात. ढग जरा बाजूला सरले की खाली झाडीत एक पांढरी रेघ चमकते. ती आपली सावित्री. महाबळेश्वरच्या डोंगरात ती जन्मते, पोलादपूर आणि महाडवरून वाहते, पुढे रुंद होत होत खाडी बनते आणि बाणकोट-हरिहरेश्वरच्या मधून अरबी समुद्राला मिळते.

या घाटाखालच्या एका छोट्या शाळेत मी शिकवते. आमच्या मुलांच्या होड्या कागदाच्या. त्या शाळेमागच्या पऱ्यात सोडायच्या आणि दगडाला अडकेपर्यंत त्यांच्यामागे धावायचं. अशा डोंगरातल्या बाईंनी मोटारबोटीच्या बांधणीबद्दल लिहायला घ्यावं, याचं तुम्हाला हसू येईल. पण बालमित्रांनो, हे सगळं घडलं ते एका आजींमुळे.

झालं असं, की आमची सहल ठरली. घाट चढून वर जायचं, किल्ला बघायचा आणि मग एका मोठ्या जलाशयावर बोटीतून फेरफटका! पालकसभेत मी हे सांगितलं, तेव्हा खिडकीबाहेर कान लावून बसलेल्या मुलांनी एकच गिल्ला केला. तेवढ्यात कोपऱ्यातून एका आजींनी विचारलं, "बाई, बोट चांगली हाय का?"

"हो आजी! मी फोटो पाहिलाय ना. पांढरीशुभ्र आहे, अगदी नवी कोरी."

"ह्यो तर रंग झाला," आजी म्हणाल्या. "मी इचारलं, बोट कशी हाय?"

सभा एकदम शांत झाली. मला काही उत्तर देता येईना. मग आजींनी सांगितलं, त्यांचे चुलते 'रामदास' बोटीवर होते.

'रामदास'चं नाव आपल्या रायगड जिल्ह्यातल्या म्हाताऱ्या माणसांना अजून विसरता आलेलं नाही. १७ जुलै १९४७ रोजी सकाळी ही बोट मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघाली. अमावास्येचा सण होता, माणसं घराकडे निघालेली. वाटेत काशाच्या खडकाजवळ भर वादळात ती कलंडली. सहाशेहून अधिक माणसं बुडाली. स्वातंत्र्याला महिनासुद्धा उरला नव्हता.

"एवढी मोठी बोट, हिला काय होतंय, असं समदी म्हनायची," आजी म्हणाल्या आणि पदर सारखा करून गप्प बसल्या.

त्या रात्री मला झोप लागली नाही. जानेवारी २०२४ मधली गुजरातची बातमी आठवत होती. वडोदऱ्याच्या हरणी तलावात शाळेच्या सहलीची बोट उलटली आणि बारा मुलं व दोन शिक्षिका गेल्या. त्याही शिक्षिका माझ्यासारख्याच हौसेने मुलांना घेऊन निघाल्या असतील. सकाळी उठून मी मामांना फोन लावला.

आमचे मामा म्हणजे पोलादपूर तालुक्यातल्या शेकडो माणसांसारखे, लहानपणीच पोटासाठी मुंबईला गेलेले. पण गिरणीत न जाता ते एका बोटींच्या कारखान्यात लागले. आधी फायबरचं काम, मग इंजिनाचं. आता उतारवयात ते बोटी तपासणाऱ्या एका सर्व्हेअर साहेबांच्या हाताखाली जातात. कुणी जुनी बोट विकत घेणार असेल, तर ती पैसे देण्याजोगी आहे का, हे बघायचं.

मी अडचण सांगितली. मामा म्हणाले, "फोनवर काय सांगू, बाय? रविवारी अलिबागकडे ये. एक बोट तपासायची आहे. डोळ्यांनीच बघ."

बोटींची जुनी वाट

रविवारी पहाटेच निघाले. पोलादपूरहून महाडकडे जाताना राजेवाडीजवळ सावित्रीवरचा पूल लागतो. हा नवा पूल. जुना, इंग्रजांच्या काळातला पूल २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महापुरात कोसळला आणि त्याच्याबरोबर एस.टी.च्या दोन गाड्या व इतर वाहनं वाहून गेली. पुढच्याच वर्षी नवा पूल उभा राहिला. पण अजूनही पूल आला की गाडीतली माणसं बोलायची थांबतात. वरून जाणाऱ्याला डांबर दिसतं. पुलाचे पाय कसे आहेत, ते पाण्याखाली.

महाड मागे पडलं आणि दासगाव आलं. आज इथून गाड्या भरधाव जातात, पण एके काळी हे बोटींचं ठिकाण होतं. डिसेंबर १९२७ मध्ये महाडच्या दुसऱ्या परिषदेसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि त्यांचे सहकारी मुंबईहून बोटीनेच आले, ते या दासगावला उतरून पायी महाडला गेले. म्हणजे बघा, आपण स्वतःला डोंगरातली माणसं म्हणतो, पण आपल्या पणजोबांना मुंबई गाठायला बोटीची वाट चांगली ठाऊक होती.

माणगाव, कोलाड, नागोठणे, वडखळ करत गाडी अलिबागला पोचली. तिथून मामा मला एका खाडीकाठी घेऊन गेले. नारळाच्या बागेआड, चिखलाच्या कडेला लाकडी टेकूंवर एक बोट उभी होती. ओहोटी लागलेली. दुपारनंतर भरती येणार आणि मग बोट पाण्यात जाणार.

बोट कसली, तरंगता बंगलाच! जवळजवळ ४२ फूट लांब. आत झोपायच्या दोन खोल्या, स्वयंपाकघर, न्हाणीघर, मऊ सोफे, फ्रीजसुद्धा. तळाशी दोन डिझेल इंजिनं. अशा बोटीला 'मोटार यॉट' म्हणतात. मासेमारी नाही, मालवाहतूक नाही. घरच्या माणसांनी चार-चार दिवस पाण्यावर राहायचं आणि किनाऱ्या-किनाऱ्याने भटकायचं, यासाठी ती बांधतात. यॉट हा शब्द मूळचा डच भाषेतला. पाठलाग करणारी वेगवान नाव, असा त्याचा पहिला अर्थ.

बोट घेऊ पाहणारे मुंबईचे गृहस्थ आले होते. बरोबर त्यांची पाचवीतली मुलगी. विकणाऱ्यांचा माणूसही होता. तो उत्साहाने सोफे दाखवू लागला. मी तर बघतच राहिले.

मामांनी मात्र आत पाऊलसुद्धा टाकलं नाही. त्यांनी खिशातून वही काढली आणि पानावर तीन रकाने आखले. बांधणी, निगा, रंग. "तिसरा रकाना कशाला, ठाऊक आहे?" ते मला म्हणाले. "तो मोकळा ठेवायला. रंग नको बघूस, तळ बघ."

नाण्याची टकटक

आधी मामा बोटीच्या नाळेपाशी, म्हणजे पुढच्या टोकाशी उभे राहिले. एक डोळा मिटून त्यांनी बोटीच्या अंगावरून सरळ मागपर्यंत नजर टाकली. "तू पण बघ. उन्हाची तिरीप कशी पडलीय?" चांगल्या बांधणीच्या अंगावर उजेडाची रेघ सरळ वाहत जाते. अंग कुठे दबलं, फुगलं किंवा दुरुस्त केलं असेल, तर ती तिथे वेडीवाकडी होते.

मग त्यांनी एक रुपयाचं नाणं काढलं आणि बोटीचं अंग वाजवत निघाले. टक्, टक्, टक्. आपण बाजारात माठ घेताना वाजवतो ना, अगदी तसं. हे आधी समजून घ्यायला हवं, म्हणून मामांनी मला फायबरची बोट कशी बनते ते सांगितलं.

पेणचे गणपती साच्यातून काढतात, हे तुम्हाला माहीत असेल. फायबरची बोटही साच्यातच बनते. आधी साच्याला आतून चकचकीत लेप देतात, त्याला जेलकोट म्हणतात. मग काचेच्या धाग्यांचं कापड आणि चिकट रेझिन यांचे थरावर थर द्यायचे. प्रत्येक थरातली हवा रोलरने दाबून काढायची. सुकलं की साच्यातून बोट बाहेर! आपल्याकडच्या जुन्या घरांचा कूड आठवा. कारवीच्या काठ्या आणि त्यावर शेणमातीचा लेप. नुसती काठी वाकते, नुसती माती फुटते, पण दोन्ही एकजीव झाल्या की भिंत पावसाळे काढते. काच आणि रेझिन यांचंही तसंच. पण कामगाराने घाई केली, थरांत हवा राहिली किंवा पुढे थर सुटले, तर बाहेरून काही कळत नाही. नाणं मात्र सांगतं. भक्कम ठिकाणी टण् असा कोरडा आवाज, सुटलेल्या ठिकाणी थप् असा बसका.

बुडाजवळ मामा वाकले. तिथे घामोळ्यासारखे चार-पाच फोड होते. "हे काय?" मी विचारलं. उत्तर ऐकून मला आमचा विज्ञानाचा तासच आठवला. बेदाणे पाण्यात टाकले की फुगतात, कारण त्यांच्या आतल्या गोड, दाट रसाकडे बाहेरचं पाणी सालीतून ओढलं जातं. बोटीच्या जेलकोटमधूनही वर्षानुवर्षं थोडं थोडं पाणी आत झिरपतं. आतल्या रसायनांत मिसळून त्याचा दाट द्रव बनतो, तो आणखी पाणी ओढतो आणि फोड येतो. फोडला तर आंबूस वास येतो म्हणे! थोडेसे फोड असले तर बरे करता येतात, सगळं बूड भरलं असेल तर मोठं काम. मामांनी 'निगा'च्या रकान्यात लिहिलं: फोड, पाच.

पंख्याजवळ जस्ताचा एक ठोकळा होता. अगदी झिजून गेलेला, चिंचोक्याएवढा. खाऱ्या पाण्यात दोन वेगळे धातू एकमेकांना जोडलेले असले की त्यातला एक गंजत जातो. म्हणून मुद्दामच जस्त लावतात. ते आधी झिजतं, आणि ते आहे तोवर पंखा व दांडा वाचतात. "हा संपला आणि कुणी बदलला नाही," मामा पुटपुटले. तेही निगेच्या रकान्यात गेलं.

हात पोचतो का?

आता मामा आत शिरले, पण सोफ्यावर न बसता त्यांनी सोफ्याची गादीच उचलली! मग जमिनीच्या फळ्या काढल्या आणि विजेरी घेऊन पालथे पडले. विकणाऱ्यांचा माणूस म्हणाला, "काका, वरचं सागवान तरी बघा!" मामा म्हणाले, "ते सगळेच बघतात."

फळ्यांखाली बोटीच्या फासळ्या आणि आडभिंती दिसत होत्या. आडभिंती नुसत्या खोक्यातल्या पुठ्ठ्यासारख्या अडकवलेल्या नकोत. दोन्ही बाजूंनी काचकापडाच्या रुंद पट्ट्यांनी अंगाला जखडलेल्या हव्यात. लाट आदळते तेव्हा बोट पिळवटते. ती पिळ सोसायचं काम यांचं. मामांनी मला हात घालून कडा चाचपायला लावल्या. गुळगुळीत होत्या, एकही कुसळ टोचलं नाही. "जिथं कुणी बघणार नाही तिथंही कारागिराने कड घासलीय. हाडाची चांगली आहे बोट," मामा म्हणाले, आणि 'बांधणी'च्या रकान्यात पहिली खूण केली.

बोटीचं खालचं अंग म्हणजे डबा आणि वरची डेक म्हणजे झाकण. दोन्ही जिथे जुळतात तो सांधा रबरी पट्टीआड लपलेला असतो. मामांनी कपाटातून डोकं घालून तो पाहिला. आरपार बोल्ट होते, आणि मध्ये पाणी न शिरू देणारा मसाला. नुसते स्क्रू असते तर मामांनी तोंड वाकडं केलं असतं.

पण पुढे गंमत संपली. डेकवर दोर बांधायचा एक जाडजूड पोलादी खुंटा होता. छान चमकत होता. मामांनी त्याच्या खालून, छताच्या आतून पाहिलं. खुंट्याखाली आतून जाड पट्टी बसवायला हवी, म्हणजे ओढ मोठ्या जागेवर वाटली जाते. इथे नुसत्या चार चकत्या होत्या. वादळात सगळी बोट या खुंट्यावर ओढ घेणार, आणि खुंटा डेक फाडून वर आला तर?

मग न्हाणीघर. तिथे आरसा, शॉवर, संगमरवरासारखी पाटी! मामांनी विचारलं, "समुद्राचं पाणी आत घ्यायचा कॉक कुठे आहे?" बोटीच्या बुडाला अशी काही भोकं मुद्दाम ठेवलेली असतात. इंजिन थंड ठेवायला, न्हाणीघराला पाणी लागतं. प्रत्येक भोकावर बंद करायचा कॉक असतो. तो कॉक काशासारख्या धातूचा हवा. साध्या पितळेतलं जस्त खारं पाणी खाऊन टाकतं, मग पितळ गुलाबी होतं आणि ठिसूळ बनून एके दिवशी मोडतं.

कॉक कपाटामागे होता, आणि कपाट भिंतीला कायमचं बसवलेलं. हातच जाईना. शेवटी स्क्रूड्रायव्हरने मागची फळी काढावी लागली. कॉक जाम झालेला, नळीवरची पकड गंजून पापड झालेली.

"ही नळी सुटली, तर?" मी विचारलं.

मामांनी वही माझ्यापुढे केली. "तू बाई आहेस ना? कर हिशेब." दीड इंचाचं भोक, पाण्याखाली दोन फूट. मामांनी रीत सांगितली, मी आकडे मांडले. मिनिटाला सुमारे १४० लिटर, म्हणजे नऊ बादल्या पाणी! आणि ते थांबवायला आधी कपाट खोलायचं. रात्री, हलत्या बोटीत, दिवे गेलेले असताना.

मामा मग जे म्हणाले ते मी त्याच वहीच्या कोपऱ्यात लिहून आणलं आहे. "बाय, चांगली बांधणी म्हणजे जाड लाकूड नव्हे. चांगली बांधणी म्हणजे प्रत्येक ठिकाणी हात पोचला पाहिजे. जिथं हात पोचत नाही, तिथं निगा पोचत नाही. आणि जिथं निगा पोचत नाही, तिथं पाणी पोचतं."

त्या एका वाक्याच्या उजेडात ते पुढचं सगळं बघत गेले. इंजिनाच्या चारही बाजूंना हात जातो का? तेलाची गाळणी बदलता येते का? विजेच्या तारांवर कथिलाचा मुलामा, म्हणजे आपल्या भांड्यांना करतात तशी कल्हई आहे का? प्रत्येक तारेवर चिठ्ठी आहे का? बॅटऱ्या पट्ट्याने बांधल्यात का? बुडातलं पाणी उपसायचा पंप हाताने चालू करता येतो का? इथे मात्र बऱ्याच ठिकाणी बरोबरच्या खुणा पडल्या.

सुकाणूजवळ एक छोटी धातूची पाटी होती. युरोपात विकल्या जाणाऱ्या अशा बोटींवर कायद्याने ती लागते. त्यावर किती माणसं बसवायची तो आकडा असतो आणि ए, बी, सी किंवा डी यातलं एक अक्षर. 'डी' म्हणजे आडोशाचं शांत पाणी, लाट फार तर फूटभर. 'सी' म्हणजे किनाऱ्याजवळचं पाणी, दोन मीटरपर्यंत लाटा. 'बी' म्हणजे चार मीटरपर्यंत, आणि 'ए' म्हणजे त्याहूनही मोठ्या लाटांचा खुला समुद्र. या बोटीवर होतं 'बी'. "डोक्यावर आणखी एक मजला चढवला, वर वीस माणसं नाचायला लागली, तर हे अक्षर खोटं पडतं," मामा म्हणाले. वजन जितकं वर, तितकी बोट कलंडायला सोपी. मुलांनो, घमेलं डोक्यावर घेऊन आणि घमेलं कमरेजवळ धरून बांधावरून चालून बघा, लगेच कळेल.

पाण्याची परीक्षा

भरतीची वाट बघत आम्ही नारळाखाली डबे सोडले. भाकरी खाताना मामांनी गोव्याच्या 'म्हादेई'ची गोष्ट सांगितली. मांडवी नदीतल्या दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकर यांच्या कारखान्यात ही शिडाची नौका बांधली गेली. नौदलाचे कमांडर दिलीप दोंदे ऑगस्ट २००९ मध्ये तिच्यातून एकटे निघाले आणि सगळ्या पृथ्वीला फेरी मारून मे २०१० मध्ये परत आले. असं करणारे ते पहिले भारतीय. पुढे तिच्याच बहिणीसारख्या 'तारिणी' नौकेतून लेफ्टनंट कमांडर वर्तिका जोशी आणि त्यांच्या पाच मैत्रिणी २०१७-१८ मध्ये जगप्रदक्षिणा करून आल्या. "आणि बरं का," मामा म्हणाले, "दोंदे साहेब बोट तयार झाल्यावर किल्ली घ्यायला नाही गेले. बांधणी चालू असताना तिच्यात राबले. जो बसणार, त्यानेच पोटात शिरून बघितलं!"

पाणी चढलं. बोट गाड्यावरून घसरत खाडीत उतरली. मामांनी फळ्यांखाली जागोजागी कोरडे वर्तमानपत्राचे कागद पसरले होते. इंजिन हाताला थंड आहे ना, हे आधी बघितलं. आधीच तापवलेलं इंजिन चटकन चालू होतं आणि आपली आजारपणं लपवतं! मग सुरू केलं. मला धूर बघायचं काम. काळा धूर म्हणजे तेल नीट जळत नाही, निळा म्हणजे इंजिनातलं वंगण जळतंय, पांढरा म्हणजे कुठे तरी पाणी किंवा न जळलेलं डिझेल. सुरुवातीला थोडा काळा आला, मग निवळला.

मुलीला काम मिळालं टेबलावरचा पाण्याचा पेला बघायचं. वेग वाढला तशी पेल्यात बारीक वर्तुळं उमटली, आणि एका वेगाला पाणी चक्क उडायला लागलं. "पंख्याचं पातं वाकलं असेल, नाहीतर दांडा सरळ नसेल," मामांनी लिहिलं. डावीकडे वळवलं, उजवीकडे वळवलं, उलटी चालवली, एकदम थांबवली. दरवाजे उघडझाप करून पाहिले. बोट जमिनीवर आणि पाण्यात वेगवेगळी पिळत असेल, तर दारं अडकतात. एकही अडकलं नाही.

परत आल्यावर पुन्हा फळ्या उघडल्या. सगळे कागद कोरडे, फक्त एक ओला. न्हाणीघराच्या कपाटाखालचा!

विकणाऱ्यांचा माणूस चिडला. "एवढी बारकाई कोण बघतं हो?"

"पाणी बघतं," मामा शांतपणे म्हणाले.

मुलगी हिरमुसली. "आजोबा, बोट वाईट आहे का?"

"नाही गं. बोट हाडाची चांगली आहे. पण आज चांगली नाही." त्यांनी वही तिच्या वडिलांपुढे धरली. कपाटाला दार करून कॉक हाताशी आणायचा आणि बदलायचा. खुंट्यांखाली पट्ट्या बसवायच्या. पंखा आणि दांडा तपासायचा. जस्त नवं, फोडांवर उपचार. मग पुन्हा पाण्यात परीक्षा, आणि मग पैसे. गृहस्थांनी मान डोलावली. रंगाचा रकाना शेवटपर्यंत मोकळाच होता.

आमची सहल

पंधरा दिवसांनी आमची सहल निघाली. किल्ला पाहून आम्ही जलाशयावर पोचलो. त्याचं नाव मी सांगत नाही, कारण चूक नावं ठेवण्यासाठी नव्हती आणि ती तिथल्या तिथे सुधारलीही. बोट फोटोतल्यासारखीच पांढरीशुभ्र होती. बावीस मुलं उड्या मारत होती.

"थांबा," मी म्हटलं. परवान्याचा कागद पाहिला. बोटीच्या अंगावर लिहिलेला आकडा होता १२. आम्ही तिघं मोठी धरून पंचवीस. म्हणजे निदान तीन फेऱ्या. मग विचारलं, "जीवरक्षक जाकिटं?" नाविक म्हणाला, "आहेत की, बाई. पुरेशी आहेत." कुठे? बाकाखालच्या पेटीत. पेटीवर सामानाच्या गोण्या आणि पेटीला कुलूप. किल्ली दुकानात!

मला कपाटामागचा कॉक आठवला. जाकिटं होती, पण हात पोचत नव्हता.

मी सांगितलं, प्रत्येकाच्या अंगात जाकीट चढल्याशिवाय कुणी पाय ठेवणार नाही. नाविक वैतागला. मुलं रडकुंडीला आली. मागच्या रांगेतले पर्यटक म्हणाले, "बाई, एवढं काय घाबरायचं?" किल्ली यायला पाऊण तास लागला. लहान मुलांच्या मापाची जाकिटं सात निघाली, म्हणून तीनच्या जागी चार फेऱ्या केल्या. उन्हात उभं राहून माझ्याही पायांत गोळे आले. पण शेवटच्या फेरीला तो नाविकच स्वतःहून मुलांचे पट्टे आवळत होता.

तुम्हीही कधी बोटीत बसाल. सगळी तपासणी आपल्याला जमणार नाही, ती जाणकारांची कामं. पण इतकं तर तिसरीतल्या मुलालाही विचारता येतं:

१. या बोटीत किती माणसं बसवायला परवानगी आहे? तेवढीच बसली आहेत का, मोजा.
२. जाकीट माझ्या मापाचं आहे का? अंगात आहे का? पेटीतलं जाकीट मोजायचं नाही.
३. बोटीच्या तळाशी पाणी साचलंय का? असेल तर ते उपसायचं साधन कुठे आहे?
४. इंजिन बंद पडलं तर काय? वल्हं, नांगर, दोर आहे का?
५. सगळे एका बाजूला धावत नाहीत ना? फोटोसाठीसुद्धा नाही!

उत्तर आवडलं नाही, तर काठावर बसून भेळ खायची. त्यात कसली लाज?

आई-बाबांना एकच विनंती. शाळेने सहल काढली, की शिक्षकांना प्रश्न विचारा. आम्हाला राग येत नाही. आला तरी विचारा.

परतताना आंबेनळी घाटात अंधार पडू लागला होता. मुलं एकमेकांच्या खांद्यावर झोपली होती. खाली सावित्रीची रेघ क्षणभर दिसली आणि झाडीत गेली. गाव आलं, तर थांब्यावर कंदील घेऊन आजी उभ्या. त्यांचा नातू गाडीतून उडी मारून ओरडतच गेला, "आजी, जाकिटं कुलपात होती! बाईंनी काढायला लावली!"

आजींनी कंदील वर करून माझ्याकडे पाहिलं.

"मग बाई? बोट कशी हाय?"

"चांगली आहे, आजी," मी म्हटलं. "आत शिरून बघितली."